रिकाम्या सभागृहाचा जमाखर्च

माझ्या वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लाल कापडात बांधलेल्या नव्या वह्या पाटावर मांडल्या जात, पहिल्या पानावर 'श्री' लिहिले जाई, आणि बत्तासे वाटून झाले की आम्ही मुले फटाक्यांकडे पळत असू. वडील मात्र तेवढ्यात जुन्या वहीची शेवटची पाने पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालीत. दुकान उघडे असताना काय जाते ते सगळ्यांना दिसते, असे ते म्हणत; दुकान बंद असताना काय जाते ते पाहावे लागते. उंदीर, ओल आणि गळणारा तेलाचा डबा यांचा ते उधारीवाल्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त धसका घेत.

पुढे मी मराठी घेऊन एम. ए. झाले, महाविद्यालयात शिकवू लागले, आणि हिशेबाशी माझा संबंध हजेरीपत्रकापुरता उरला. तो पुन्हा जुळला तो आमच्या सभागृहामुळे. तीनशे खुर्च्यांचे, जरा कुबट वासाचे, पण आम्हा सर्वांचे लाडके असे हे सभागृह आहे. पावसाळा सुरू झाला की संध्याकाळी तेथे मुलांच्या एकांकिकांच्या तालमी रंगतात, आणि ती जबाबदारी गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी बैठकीत वीजबिलांचा गठ्ठा टेबलावर आला. आमचे हिशेबनीस शांत स्वभावाचे गृहस्थ, पण त्या दिवशी ते म्हणाले, "सभागृहाचा खर्च आवाक्याबाहेर गेला आहे. संध्याकाळच्या तालमी बंद केल्या तर काही हाती लागेल."

माझ्या पोटात गोळाच आला. तालमी वर्गात घेता येतात, असे कोणी तरी म्हणाले. वर्गात वीस मुलांनी बाके सरकवून नाटक बसवावयाचे म्हणजे काय, हे त्या सद्गृहस्थांना कोणी सांगावे! मी एवढेच विचारले, "तालमींना नेमकी किती वीज लागते?" त्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. बिल सर्वांनी पाहिले होते. त्यातले तालमीचे किती, व्याख्यानांचे किती, स्नेहसंमेलनाचे किती, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

सभागृहाची दृक्‌श्राव्य यंत्रणा बदलण्याचा विचार त्याच सुमारास चालू होता आणि तिचा आराखडा करण्यासाठी एक तरुण अभियंता येणार होता. तो आला आणि पाहते तो काय, आमचाच जुना विद्यार्थी! माझ्या तासाला शेवटच्या बाकावर बसून तो नियमाने डुलक्या घेत असे. मी ओळख दाखवताच तो ओशाळला आणि म्हणाला, "मॅडम, आता मी यंत्रांच्या डुलक्या मोजतो."

त्याचे बोलणे मला तेव्हा थट्टेचे वाटले. पण तो खरेच सांगत होता.

दृक्‌श्राव्य यंत्रणेचा आराखडा पूर्वी मोठ्या कागदावर पट्टीपेन्सिलीने काढीत. आता तो संगणकावर, खास त्यासाठी केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये काढतात. 'डी-टूल्स', 'एक्सटेन-एव्ही' अशी त्यांची नावे आहेत. पडद्यावर चौकोन मांडावयाचे : हा प्रोजेक्टर, हा मिक्सर, हे अ‍ॅम्प्लिफायर, हे मायक्रोफोन. चौकोनांना रेघांनी जोडावयाचे. ती रेघ म्हणजे वायर. प्रत्येक चौकोनामागे एक पत्रिका असते. लग्नाच्या पत्रिकेत गोत्र, रास, नाडी, तशी येथे किंमत, वजन, उंची, वीज किती लागते आणि उष्णता किती सोडतो, ही माहिती. चित्र पुरे झाले की सामानाची यादी आणि बेरजा आपोआप तयार होतात. वायरमनला किती जाडीची तार टाकावयाची ते समजते, आणि विजेचा कोणता सर्किट किती भार घेईल तेही.

त्याने आमच्या चालू यंत्रणेचे चित्र आधी काढले आणि विजेच्या रकान्याची बेरीज दाखवली : ६,६३० वॅट. हिशेबनीसांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे तासाला साडेसहा युनिटे! मी सांगत नव्हतो?"

"थांबा सर," तो म्हणाला, "ही पाटीवरची बेरीज आहे."

यंत्राच्या पाठीवर एक पाटी असते. तीवरचा आकडा हा त्या यंत्राने जास्तीत जास्त किती वीज ओढावी याचा असतो. ते रोज तेवढी ओढते असा त्याचा अर्थ नव्हे. पंगतीला बसलेला मनुष्य पैजेने तीस लाडू खाईल, म्हणून महिन्याचा किराणा रोज तीस लाडवांच्या हिशेबाने कोणी भरत नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीत तर हा फरक फारच मोठा आहे. गाणे किंवा भाषण हे सतत एका जोराने चालत नाही. एखादी तान वर उसळते, मग क्षणभर विसावा असतो. वक्ता एक शब्द ठासून सांगतो आणि पाणी पितो. म्हणून कारखानदार आपल्या तपशीलपत्रात पूर्ण शक्तीच्या एक-अष्टमांशावर यंत्र किती वीज घेते, तो आकडा अनेकदा वेगळा देतात; नेहमीच्या संगीताला तोच जवळचा असतो. आमच्या चार अ‍ॅम्प्लिफायरांच्या पाट्यांची बेरीज ४,८०० वॅट होती. कार्यक्रम रंगात असताना ते चौघे मिळून ८०० वॅट घेत होते.

पाटीच्या बेरजेवर सगळा आराखडा उभा केला की तार जाड लागते, यूपीएस मोठा लागतो, एसीही मोठा लागतो. कारण यंत्रात शिरलेली वीज अखेरीस जवळजवळ सगळी उष्णताच होते. एक वॅट म्हणजे ताशी ३.४१२ बीटीयू, आणि एक टनाचा एसी ताशी १२,००० बीटीयू बाहेर काढतो. म्हणजे साडेतीन हजार वॅटची यंत्रे एक टन एसी एकटीच खातात. खोटा आकडा असा खऱ्या पैशाला पाय फोडतो.

मग त्याने एका रकान्याचे चार केले. यंत्र काम करीत असताना किती, नुसते चालू राहून वाट पाहत असताना किती, रिमोटने 'बंद' केल्यावर किती, आणि मुळातून तोडल्यावर किती. मी मराठीची बाई; मला त्या चार अवस्थांना नावे दिल्यावाचून राहवेना. काम करणे, ताटकळणे, डुलकी घेणे आणि निजणे. "तुझा अनुभव तिसऱ्या अवस्थेचा," मी म्हणाले. तो हसला आणि त्याने ती नावे तशीच रकान्यांवर टाकली.

अवस्था लिहून झाल्यावर त्याने खरा प्रश्न विचारला : वर्षाच्या ८,७६० तासांपैकी सभागृह किती तास कोणत्या अवस्थेत असते?

त्याचे उत्तर देण्यासाठी आम्ही दोन गोष्टी केल्या. मी सभागृहाची नोंदवही काढून मागच्या वर्षीचे कार्यक्रम मोजले. ते सगळे मिळून सुमारे ५०० तास भरले. त्याने यंत्रांच्या कपाटाकडे जाणाऱ्या तारेवर एक छोटे मीटर बसवले आणि पंधरा दिवस तसेच ठेवले. दिवे, पंखे आणि एसी यांचा हिशेब निराळा; येथे मी फक्त दृक्‌श्राव्य यंत्रणेबद्दल बोलते आहे.

कार्यक्रम चालू असताना यंत्रणा १,७५० वॅट घेत होती. प्रोजेक्टरचे ६००, अ‍ॅम्प्लिफायरांचे ८००, मिक्सरचे १२०, आणि बाकी किरकोळ. ५०० तासांचे होतात ८७५ युनिट. येथवर कोणाला नवल वाटले नाही. नवल पुढेच होते. कार्यक्रम संपून, दाराला कुलूप लागून, सगळे घरी गेल्यावर मीटर ५३५ वॅटवर उभे होते. रात्री दोन वाजता ५३५. रविवारी दुपारी ५३५. प्रोजेक्टर बिचारा रिमोटने निजवलेला होता, त्याचे केवळ ५ वॅट. पण चारही अ‍ॅम्प्लिफायर ताटकळत होते, त्यांचे १८०. मिक्सरचे बटण कपाटाच्या मागे, हात न पोचणाऱ्या जागी, म्हणून तो बसवल्यापासून कधी बंदच झाला नव्हता. बिनतारी मायक्रोफोनचे ग्राहक-संच ४० वॅट घेऊन नसलेल्या वक्त्याची चाहूल घेत होते. नियंत्रणाच्या पेट्यांना ८० लागत. आणि बाहेरच्या दालनातला मोठा पडदा ११० वॅट जाळून रात्रभर बंद दाराला 'सुस्वागतम्' म्हणत होता!

५३५ वॅट गुणिले उरलेले ८,२६० तास. उत्तर आले ४,४१९ युनिट. म्हणजे सहा युनिटांतली पाच युनिटे सभागृहाने रिकामे असताना खाल्ली होती. युनिटाला दहा रुपये धरले तर चव्वेचाळीस हजार रुपये. मला वडिलांचा गळका तेलाचा डबा आठवला.

आणि तालमी? मुले तालमीला प्रोजेक्टर लावीत नाहीत. माइकही त्यांना मी वापरू देत नाही. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला पाहिजे, ही माझी जुनी अट. पार्श्वसंगीतापुरते दोन कर्णे वाजतात. रिकाम्या सभागृहापेक्षा तालमीच्या वेळी मीटर जेमतेम शंभर वॅट वर जाई. साठ संध्याकाळी, दोन-दोन तास, म्हणजे १२ युनिट. इकडे ५३५ वॅटने चोवीस तासांत पावणेतेरा युनिटे होतात. आमच्या मुलांनी साऱ्या हंगामात यंत्रणेची जी जादा वीज वापरली, तिच्यापेक्षा थोडी जास्तच सभागृह एका सुट्टीच्या दिवशी कुलपाआड संपवीत होते. मी तो कागद हिशेबनीसांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा तपासला, चष्मा काढला, आणि म्हणाले, "बाई, तालमींचा विषय मी मागे घेतो. पण हे आजवर आम्हांला कोणी का सांगितले नाही?"

सांगणारे नव्हते असे मात्र नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतील अ‍ॅलन मायर या शास्त्रज्ञाने १९९८ मध्ये असे मांडले की डुलकी घेणाऱ्या कोणत्याही यंत्राला एका वॅटपेक्षा जास्त वीज लागू नये. दुसऱ्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने ती कल्पना उचलून धरली. तेव्हाच्या अंदाजाप्रमाणे विकसित देशांतील घरगुती विजेच्या पाच ते दहा टक्के वीज अशा डुलक्यांत जात होती. युरोपीय संघाने ही मर्यादा २०१० पासून कायद्याने एक वॅटवर आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटवर आणली. एक वॅट हा आकडा क्षुल्लक वाटतो; पण वर्षभर अखंड चालला की त्याची पावणेनऊ युनिटे होतात. रात्री झोपताना आपल्या घरच्या सेट-टॉप बॉक्सवर हात ठेवून पाहावा. रिमोटने बंद केलेला असूनही तो कोमट लागला, तर त्या उबेचे पैसे कोण भरते ते निराळे सांगावयास नको.

घरगुती वस्तूंसाठी आपल्याकडे २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला आणि २००६ पासून तारांकित लेबले आली. फ्रिज घेताना आता आजीसुद्धा तारे मोजते. पण सभागृहातल्या मिक्सरवर किंवा अ‍ॅम्प्लिफायरवर तसे लेबल शोधून सापडत नाही. या व्यवसायाच्या 'इन्फोकॉम' या आंतरराष्ट्रीय संघटनेने (२०१७ पासून तिचे नाव 'अविक्सा') दृक्‌श्राव्य यंत्रणांच्या ऊर्जा-व्यवस्थापनाचे एक मानक २०१२ मध्ये काढले. वीज आपोआप कशी आवरावयाची, सतत कशी मोजावयाची आणि मोजलेल्यावरून काय समजून घ्यावयाचे, हा त्याचा विषय. याचा अर्थ हिशेबाची रीत ठरून पुष्कळ वर्षे झाली आहेत. आराखडा काढतानाच तो रकाना भरण्याची सवय मात्र अजून मुरलेली नाही. कारण गिऱ्हाईक किंमत विचारते, आवाज कसा येईल ते विचारते, पण रात्री दोन वाजता काय, असे विचारीत नाही.

आता एखादा व्यवहारी वाचक म्हणेल, एवढे रामायण कशाला? जाताना मुख्य खटका ओढला की काम झाले! तो प्रयोग आम्ही फार पूर्वी करून बसलो आहोत. कोणा उत्साही सदस्याच्या सांगण्यावरून आमचे शिपाई मामा कार्यक्रम संपताच खटका ओढू लागले. जुन्या प्रोजेक्टरचा दिवा विझल्यावरही आतला पंखा काही वेळ चालून त्याला थंड करावयाचा असतो. तो मध्येच थांबू लागला आणि थोड्याच दिवसांत महागाचा दिवा गेला. कर्ण्यांतून धाडकन आवाज येई तो वेगळाच. दोष मामांच्या माथी आला, आणि त्यांनी रागाने खटक्यावर कागद चिकटवला : 'हात लावू नये'. ५३५ वॅटचा उगम तो कागद होय.

ध्वनी-व्यवसायात एक साधा नियम आहे. चालू करताना अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी. लग्नघरात वरमाय जशी सर्वांच्या मागून येते आणि आधी निघते, तसे. नव्या आराखड्यात हा क्रम यंत्रणेलाच शिकवला आहे. दाराजवळ एकच बटण. ते दाबले की आधी अ‍ॅम्प्लिफायर निजतात, मग मिक्सर, मायक्रोफोन, पडदा. प्रोजेक्टर आपल्या सवडीने थंड होतो. बटण दाबावयास कोणी विसरले तरी सभागृहात बराच वेळ हालचाल नसली की तेच काम आपोआप होते. आगीच्या वेळी सूचना देणारी यंत्रणा मात्र या सगळ्यातून वेगळी काढलेली आहे. तिने कधीच निजावयाचे नाही. सॉफ्टवेअरमधली रात्रीची बेरीज आता ४० वॅट आली.

एका प्रश्नावर मात्र आमची बरीच वादावादी झाली. नवा मिक्सर कमी वीज घेतो, मग आठ वर्षांचा जुना टाकून द्यावा काय? सॉफ्टवेअरमध्ये वस्तू तयार होताना हवेत किती कार्बन गेला याचा एक रकाना होता. नव्या मिक्सरसमोर तो रिकामा होता. पर्यावरणविषयक जाहीरनाम्यांसाठी आयएसओ १४०२५ हे मानक २००६ पासून आहे, पण पुष्कळ यंत्रांचे असे जाहीरनामे निघालेलेच नाहीत. संगणकाने रिकामी जागा शून्य समजून बेरीज केली, आणि नवा मिक्सर जणू फुकट, झाडावरून तोडून आणलेला ठरला! व्याकरणात अध्याहृत शब्द लिहिलेला नसतो म्हणून तो वाक्यात नसतो असे नाही. मी तेवढे सांगताच आमच्या अभियंत्याने त्या जागी 'माहिती नाही' असे घातले, आणि बेरजेखाली तशी टीप दिली.

दुसरी चूक त्यालाच सापडली. युनिटामागे कार्बन किती, तो आकडा सॉफ्टवेअरने भलत्याच देशाचा धरला होता. नॉर्वेत जवळजवळ सगळी वीज पाण्यावर होते; तेथल्या युनिटाला कार्बनचा डाग नाममात्र. आपल्याकडे कोळसा मोठा, त्यामुळे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांवरून युनिटामागे सुमारे ०.७ किलो धरावा लागतो. तेवढा फरक करताच रिकाम्या सभागृहाचे वर्षाचे तीन टन झाले. जुना मिक्सर रात्री निजू लागल्यावर त्याला वर्षाला लागणार ६० युनिटे. नव्याने त्यातली निम्मी वाचवली तरी २१ किलो कार्बन. तेवढ्यासाठी चांगले चालणारे यंत्र ई-कचऱ्यात घालावयाचे नाही, असे ठरले. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी जुन्या मालाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे हे खरे, पण म्हणून कचरा करण्याची घाई कशाला! मिक्सरचे बटण तेवढे पुढे आणले.

यंदा जून महिन्यात तालमी सुरू होण्यापूर्वी सगळे बसवून झाले. वडिलांच्या भाषेत आता रोजमेळ मिळवावयाचा होता : सॉफ्टवेअर म्हणजे अंदाज, मीटर म्हणजे रोकड. रात्री दहा वाजता दाराचे बटण दाबून आम्ही तिघे मीटरपुढे उभे राहिलो. आकडा उतरत उतरत आला आणि ५५ वर थांबला. चाळीस हवे होते. अभियंत्याने एकेक पेटी तपासली; सगळ्या आपापल्या आकड्यावर बरोबर. १५ वॅट कोठे जात होते ते समजेना. तासभर शोध चालला. मामा प्रथम गप्प उभे होते. मग हळूच म्हणाले, "बाई, तो आपला दिवा तर नसेल?"

रंगपटात, आरशाच्या वरच्या फळीवर नटराजाची लहानशी मूर्ती आहे. तिच्यापुढे एक पिवळा बल्ब अहोरात्र जळतो. रंगपटातला प्लग बिघडला तेव्हा मामांनी त्याची तार यंत्रांच्या कपाटातून ओढून घेतली होती, आणि त्यालाही कित्येक वर्षे झाली होती.

"तो काढावयाचा असेल तर..." मामा पुढे बोलले नाहीत.

आमच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी येताना अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा आणला आणि स्वतः फळीवर चढून बसवला. मग लॅपटॉप उघडून आराखड्यात एक नवा चौकोन काढला, त्याला रेघ जोडली, आणि मला विचारले, "मॅडम, याला काय म्हणू?"

मी सांगितले तसे त्याने लिहिले : नटराजाचा दिवा, अर्धा वॅट, ८,७६० तास. अवस्थेच्या रकान्याशी तो जरा अडखळला. चारांपैकी एकही नाव जुळेना. अखेर त्याने आगीच्या सूचनेसमोरचा शेरा उचलून येथेही घातला : 'कधीच निजावयाचे नाही'. मामांनी तो वाचून दाखवावयास लावला, आणि तालमीसाठी दार उघडावयास गेले.